एका अनुमानाची सर्वसाधारण सभा

ज्याच्या स्मरणावाचून आमच्या घरात लेखणी उचलली जात नाही, त्या बुद्धिदात्या गजाननाला आणि आमच्या कुळाच्या विठ्ठलाला वंदन करून हे लिहीत आहे. म्हैसूरच्या आपल्या मराठी मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका निघत आहे, आणि ‘तुमच्या व्यवसायातला एखादा अनुभव द्या’ अशी कार्यकर्त्यांची आज्ञा झाली. बुद्धीच्या देवतेच्या उत्सवात बुद्धिमंतांचीच हकीकत सांगावी, असे मनात आले. ती गोड नाही. वाचकांनी क्षमा करावी.

“काका, मी त्यांची स्तुती करणार होतो हो! स्तुती!”

विजयनगरमधल्या आमच्या घराच्या दारात अमोल उभा होता. पायांतले बूट काढायचेही त्याला भान नव्हते. मी त्याला आत घेतले, बसवले आणि त्याच्या हातातला मोबाइल माझ्या हातात घेतला. पडद्यावर कन्नड लिपीत दोनच वाक्ये होती.

आधी माझी ओळख. मी निवृत्त कंपनी सेक्रेटरी. वडील शिवणकाम करीत; त्यांनी मला लहानपणी पाठशाळेत घातले, म्हणून व्याकरण आणि थोडे न्यायशास्त्र पदरी आले. निवृत्तीनंतर गावातल्या संस्था मला निवडणुकीसाठी रिटर्निंग ऑफिसर म्हणून बोलावतात. रिटर्निंग ऑफिसर अर्ज तपासतो, मतदान घेतो आणि निकाल जाहीर करतो. कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे, हे सांगण्याचा अधिकार त्याला नसतो. ही मर्यादा वाचकांनी लक्षात ठेवावी. मला ती पुढे फार टोचली.

संस्था होती उच्च बुद्ध्यांक असलेल्या मंडळींची. नाव लिहीत नाही. ठरलेल्या परीक्षेत अगदी वरच्या थरात येणाऱ्यालाच तिथे सभासद होता येते. म्हैसूर शाखेचे अध्यक्ष नंजुंडय्या, निवृत्त अभियंता, माझ्याच वयाचे. सचिव अमोल, पुण्याहून नोकरीसाठी आलेला, सॉफ्टवेअरमधला. या वेळी अध्यक्षपदासाठी दोघे समोरासमोर उभे होते. आणि दोघांच्या मध्ये, कोणत्याही पदाची इच्छा नसलेल्या, शारदम्मा होत्या.

शारदम्मा मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आणि शाखेच्या एकमेव प्रॉक्टर. प्रॉक्टर म्हणजे परीक्षा घेणारी अधिकृत व्यक्ती. सीलबंद प्रश्नपत्रिका तिनेच उघडायच्या, वेळ तिनेच लावायची, उत्तरपत्रिका पुन्हा सील करून तिनेच पाठवायच्या. या बाई शहरात बसून राहिल्या नाहीत. रविवारी बस पकडून लहान गावांतल्या शाळांत जात. बैलकुप्पेच्या तिबेटी वसाहतीतल्या मुलांचीही त्यांनी परीक्षा घेतली, आणि त्यांतली काही मुले फार चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली.

अमोलला त्याचेच कौतुक करायचे होते. कन्नड सभासदांची मने जिंकावीत म्हणून त्याने निवडणुकीआधीचे निवेदन स्वतः कन्नडमध्ये लिहिले. कोणाला न दाखवता शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. मनात मराठी वाक्य असे होते: ‘शारदम्मांच्या परीक्षेवरून माझे एक अनुमान आहे, ते मी सभेत मांडीन.’ अनुमान असे की, शाखेचे भवितव्य शहराबाहेरच्या मुलांत आहे. शब्दाला शब्द ठेवून त्याने लिहिले: ‘शारदम्मनवर परीक्षेय मेले ननगे अनुमान इदे. अदन्नु सभेयल्लि मंडिसुत्तेने.’

“यात चूक काय आहे, काका?”

“अमोलराव, कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. आणि परीक्षेय मेले म्हणजे परीक्षेवरून नव्हे, परीक्षेवर. तुम्ही लिहिलंय, शारदम्मांच्या परीक्षेवर मला संशय आहे, आणि तो मी सभेत मांडणार आहे.”

तो पांढराफटक पडला. धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान; पाठशाळेत आमच्याकडून हे कितीदा घोकून घेतले होते. तोच शब्द कावेरीच्या या काठावर येऊन कधी संशय झाला, कोण जाणे. आम्ही इथली जुनी मराठी माणसे दोन्ही अर्थ वापरतो आणि अडखळत नाही. नवीन आलेला माणूस अडखळणारच. त्यात लाज कसली?

आमच्या सौभाग्यवतींनी कॉफीचे पेले आणून ठेवले. त्यांनी सगळे ऐकले होते. म्हणाल्या, “अय्यो, मग चूक झाली म्हणून एक ओळ टाका की त्या ग्रुपवर. अष्टे!” म्हणजे, एवढेच.

एवढेच होते. अमोलने मान डोलावली, कॉफी घेतली, आणि “आज रात्रीच टाकतो” म्हणून गेला.

ओळ पडली नाही. पडले ते दुसरेच. अमोलच्या बाजूच्या मंडळींना ‘संशय’ आवडला होता. बैलकुप्पेची मुले नंजुंडय्यांच्या कारकिर्दीत उत्तीर्ण झाली, म्हणजे मते वाढवण्यासाठी काहीतरी केले असेलच, असे त्यांनी आपापसांत ठरवून टाकले. त्या मुलांना मताचा अधिकारही नव्हता, हे कोणी पाहिले नाही. कोणीतरी ते निवेदन मुख्य कार्यालयाकडे पाठवले. तिथला नियम असा: प्रॉक्टरविषयी संशय नोंदला गेला की तिच्या परीक्षा थांबतात. शाखेच्या सर्वसाधारण सभेने ‘संशय नाही’ असा ठराव केला, तरच त्या पुन्हा सुरू होतात.

शारदम्मांचा मला फोन आला. आवाज शांत होता. “बैलकुप्पेच्या शाळेतून विचारतायत, पुढची परीक्षा कधी? मी काय सांगू?” मी म्हटले, “सभेपर्यंत थांबा, अम्मा.” त्या म्हणाल्या, “थांबते. पण माझ्याकडून काय चुकलं, एवढं तरी कोणी सांगेल का?”

मी नंजुंडय्यांकडे गेलो. आमचे बोलणे कन्नडमध्ये झाले. इथे मराठीत देतो. ते बागेत झाडांना पाणी घालीत होते. मी शब्दाची सगळी हकीकत सांगितली. ते हसले.

“मला माहीत आहे, स्वामी. पहिल्याच दिवशी कळलं. पुण्याच्या माणसाचं कन्नड ते!”

“मग तुम्ही अध्यक्ष आहात. ग्रुपवर खुलासा करा.”

“मी कशाला करू? चूक त्यानं केली. एका विधवा बाईवर चिखल उडवणारा माणूस अध्यक्ष व्हायला निघालाय, हे लोकांना दिसू दे ना.”

“पण त्यानं चिखल उडवलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. मतदारांना मी का सांगू?” त्यांनी नळ बंद केला. “मतदान होऊ दे. मग बघू.”

मी अमोललाही फोन केला. “काका, आता मागे घेतलं तर आमची माणसं म्हणतील मी घाबरलो. आणि कन्नड सभासदांसमोर कन्नड येत नाही म्हणून कबूल करू? सगळे हसतील हो.”

“हसतील. मग थांबतील.”

त्याने फोन ठेवला.

सभेच्या आदल्या दिवशी मी दोघांना माझ्या घरी बोलावले. निवडणूक अधिकाऱ्याचे हे काम नव्हे. ज्येष्ठ म्हणून बोलावले. वाक्य मीच लिहून ठेवले होते: ‘शारदम्मा यांच्या कामाविषयी या सभेला कोणताही संशय नाही.’ दोघांनीही वाचले. दोघांनाही मान्य होते. मग अमोल म्हणाला, “सुरुवातीला ‘वाचकांच्या गैरसमजामुळे’ असं घालू.” नंजुंडय्या म्हणाले, “छे! ‘सचिवांच्या भाषेच्या अज्ञानामुळे’ असं घाला.” मी विनवले की सुरुवात कोरीच राहू द्या. दोघे उठले आणि आपापला मसुदा घेऊन गेले. कॉफी तशीच राहिली.

कुवेंपुनगरमधल्या एका शाळेचा हॉल. रविवारची सकाळ. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, सहज भरला. एरवी या शाखेत कोरमअभावी सभा पुढे ढकलली जाते. भांडण असले की सगळे येतात. शारदम्मा शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर परीक्षेची कापडी पिशवी: स्टॉपवॉच, पेन्सिली, खोडरबरांचा डबा. ठराव झाला की दुपारच्या बसने बैलकुप्पेला जायचे, म्हणून ती त्यांनी भरूनच आणली होती.

आधी ठराव की आधी निवडणूक, यावरच वाद सुरू झाला. एकाने पॉइंट ऑफ ऑर्डर घेतला. सभा नियमांबाहेर जात असेल तर ही हरकत घेता येते. दुसऱ्याने त्या हरकतीवर हरकत घेतली. तिसरा उभा राहिला आणि हरकतीवर हरकत घेता येते का, याचे तर्कशास्त्र फळ्यावर मांडू लागला. त्याला टाळ्या पडल्या. खरोखर सुंदर मांडणी होती. पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंकडे कोणी वळून पाहिले नाही.

अखेर ठराव आधी घेण्याचे ठरले. विषय निवडणुकीचा नसल्यामुळे सभेचे संचालन माझ्याकडे नव्हते. एक ज्येष्ठ सभासद ते करीत होते. तरी मी उभा राहिलो. म्हटले, “एक विनंती. दोन मसुदे मतास टाकू नका. दोन्ही पडले तर नोंद काय होईल, याचा विचार करा.”

मागून कोणीतरी म्हणाले, “सर, इथं सगळ्यांना लॉजिक येतं.”

हशा झाला. मी बसलो.

अमोलचा मसुदा आला: वाचकांच्या गैरसमजामुळे शंका निर्माण झाली असली, तरी शारदम्मांविषयी संशय नाही. नंजुंडय्यांच्या बाजूने विरोधात हात वर गेले. ठराव पडला. नंजुंडय्यांचा मसुदा आला: सचिवांच्या भाषेच्या अज्ञानामुळे शंका निर्माण झाली असली, तरी शारदम्मांविषयी संशय नाही. आता अमोलच्या बाजूचे हात विरोधात वर गेले. तोही पडला. कुंपणावर बसलेल्या काहींनी दोन्ही वेळा हात वर केले नाहीत, आणि ठरावाला उपस्थितांपैकी निम्म्याहून जास्त मते लागत.

शहरातली निवडक बुद्धिमान माणसे तिथे बसली होती. आपण काय केले, हे एकेकाच्या चेहऱ्यावर उमटताना मला दिसले. ‘संशय नाही’ हे वाक्य सभेने दोनदा फेटाळले होते. इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदीत, तेच जाणार होते. आणि आलेल्या सगळ्या मसुद्यांवर मतदान झाले की तोच विषय त्याच सभेत पुन्हा मतास टाकता येत नाही, हा नियम याच मंडळींनी मोठ्या हौसेने घटनेत घातला होता.

शारदम्मा उठल्या. पुढे आल्या. पिशवी टेबलावर ठेवली, डब्यातून एक खोडरबर काढून तिच्याशेजारी ठेवले.

“परीक्षेआधी मी मुलांना एकच गोष्ट सांगते,” त्या म्हणाल्या. “उत्तर चुकलंय असं कळलं, तर खोडा आणि पुढे जा. वेळ थोडा असतो. तिसरीतलं पोरही ऐकतं.”

एवढेच बोलून त्या बाहेर पडल्या. मी मागोमाग फाटकापर्यंत गेलो. त्यांनी रिक्षा थांबवली. मी हात जोडले, त्यांनीही जोडले.

मी परत आत आलो, तेव्हा निवडणूक सुरू करण्याची मागणी चालू होती. माझे काम मला करावेच लागले. पिशवी बाजूला सरकवून त्याच टेबलावर मतपेटी ठेवली गेली. थोडक्या मतांनी नंजुंडय्या निवडून आले. मी निकाल जाहीर केला. घोषणा झाल्या. मानधनाचे पाकीट पुढे आले. ते मी घेतले नाही. ते का घेतले नाही, असेही कोणी विचारले नाही.

मुख्य कार्यालयाने इतिवृत्त वाचले आणि नियमाप्रमाणे शारदम्मांची नेमणूक रद्द केली. दुसरा प्रॉक्टर व्हायला कोणी पुढे आले नाही. ते काम रविवार खाते आणि त्यात नाव होत नाही. परीक्षा नाही, म्हणून नवे सभासद नाहीत. अमोलच्या बाजूने वेगळी संस्था काढली. तिलाही प्रॉक्टर नाही. शारदम्मा शिवमोग्याला मुलीकडे राहायला गेल्या. बैलकुप्पेच्या शाळेने काही दिवस विचारणा केली, मग तीही थांबली.

मध्यंतरी अमोल आला होता. बूट या वेळी बाहेर काढले. खुर्चीत बसला. मग म्हणाला, “काका, ते तिथल्या तिथे मागे घ्यायला हवं होतं मी.”

“हे शारदम्मांना सांगितलंत?”

“नाही. कन्नडमध्ये नीट कसं सांगावं, ते कळेना.”

“त्यांना इंग्रजी येतं, अमोलराव. आयुष्यभर त्यांनी इंग्रजीतच शिकवलं.”

तो उठला, वाकून नमस्कार केला आणि गेला. पुढे त्याने त्यांना फोन केला की नाही, मला ठाऊक नाही. विचारायचे धाडस झाले नाही. उत्तर काय असेल याचे अनुमान मला होते. ते कोणत्या भाषेतले, हे वाचकांनी ठरवावे.

या व्यवसायात मी शिकलो ते इतकेच: संस्थेची घटना कितीही काटेकोर लिहा, ‘माझे चुकले’ हे वाक्य कोणाच्या तोंडून वदवून घेण्याची सोय तिच्यात करता येत नाही. ते ज्याचे त्यानेच म्हणावे लागते, आणि वेळेवर.

वाचकहो, श्रीगजानन आपणास आणि आपल्या घरातील लहानथोरांना उदंड आयुष्य देवो. आपल्या मुलांना तल्लख बुद्धी लाभो. त्यांच्या कंपासपेटीत खोडरबर असो, आणि आपण मोठ्यांना ते मागून घेण्याचा संकोच न वाटो.