मातीखालची पेटी

माथेरानच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या एका सोंडेवर कोंडीची ठाकूरवाडी होती. एका पावसाळ्यात दरड सुटली नि निम्मी वाडी मातीखाली गेली. कोंडीची थोरली बहीण बुधी त्यातच राहिली. ती सापडलीच नाही. उरलेल्यांना पायथ्याला घरं मिळाली.

पुढं त्याच उतारावर पेट्या रोवल्या. माती किती भिजली, जमीन किती कलली, हे त्या बिनतारी कळवायच्या. पेट्यांवरचे वेल तोडायला, सोलरच्या काचा पुसायला कोंडीला कामावर घेतलं. पेट्या बसवणाऱ्या माधवी मॅडमनी तिला सांगितलं, "कोंडीताई, बोलण्यातच बॅटरी जाते. म्हणून या बहुतेक वेळ झोपतात. उठल्या की शेजारणीच्या कानात सांगतात, नि शेजारीण सगळ्यांचा मिळून एकच निरोप खाली धाडते."

कोंडीनं पेट्यांना गेलेल्या घरांची नावं दिली. एक बुधीच्या अंगणाच्या जागी होती. तिथं तिचा पाय रेंगाळायचा.

श्रावणात माती पुन्हा हलली. पेट्यांनी आधीच कळवलं होतं, म्हणून लोक शाळेत येऊन बसले होते. कुणाला काही झालं नाही. पण बुधीच्या अंगणातली पेटी गाडली गेली.

लोक घरी परतल्यावर शाळेत लॅपटॉप बघताना माधवी पुटपुटली, "ही अजून बोलतेय."

कोंडी लॅपटॉपजवळ सरकली. दरड सुटली त्या वेळी बुधीनंही आतून हाका मारल्या असतील का, हे तिनं आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

"काढता यील तिला?"

"त्या मातीवर पाय ठेवायचा नाही, ताई. आणि तिचं बोलणं अर्धंमुर्धं पोचतं. शेजारची पेटी परत परत विचारत जागी राहते. ऊन नाही, तिची बॅटरी उतरत चाललीय. ती बंद पडली तर वरच्या सगळ्यांचे निरोप अडकतील."

"मंग?"

"हिचं ऐकू नको, असं शेजारणीला सांगावं लागेल."

"हिला कळंल का, आपलं कोन ऐकत नाय म्हनून?"

"नाही. उठेल, बोलेल, झोपेल. बॅटरी आहे तोवर, दिवाळीपर्यंत तरी."

कोंडी खिडकीतून पायथ्याच्या घरांकडं बघत राहिली. दारांत नातवंडं खेळत होती.

"करा," ती म्हणाली. "खाली पोरं हायत."

शेजारची पेटी सावरली. पाऊस सरला, भात कापून झाला. कामाला वर गेली की कोंडी त्या ढिगाऱ्याच्या अलीकडं थांबायची. ऐकू काहीच यायचं नाही, हे ठाऊक असूनही थांबायची.

दिवाळी झाल्यावर तिनं फोन लावला. "मॅडम, निजली का ती आता?"

"निजली असेल."

"असंल म्हंजी?"

"आपण ऐकतच नाही ना, ताई. कळणार कसं?"

कोंडीनं फोन ठेवला, वेल तोडायचा कोयता उचलला नि वरची वाट धरली.