परचुरेकाकांची पंधरा मिनिटं

परचुरेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. बाजूच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीने विचारलं, “कोण गेलं गं?” मी म्हटलं, “ते नाही का, दार न उघडणारे काका.” आणि आम्ही दोघी, मेल्या सवयीने, जराशा हसलो. आज तीन आठवडे झाले त्याला. ते हसणं आठवलं की माझी मलाच चीड येते.

विश्रांतवाडीला आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहायचे आणि आम्ही तिसऱ्यावर. मूळचे पेठेतले. एका कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झालेले. कामगारांना प्रथमोपचार शिकवणं हेच त्यांचं काम होतं. बोलणं मोजून मापून. आम्ही नवीन राहायला गेलो तेव्हा मी विचारलं, “काका, इथे पाणी कधी येतं हो?” तर म्हणाले, “आलं की कळतं.” माझी तिथेच सटकली. आमच्या अकोल्याकडे असं विचारलं असतं तर माणसाने आधी घरात बसवून चहा पाजला असता! त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात खडूस म्हणायला लागले.

नव्याण्णव साल, ते वायटूकेचे दिवस होते. नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, मी इथे नोकरी आणि सात वर्षांची ऋचा सांभाळत होते. मे महिना होता, पाणी एक दिवसाआड. रविवारी दुपारी चारच्या सुमारास खालून ऋचाची किंकाळी आली. कोणीतरी ओरडलं, “कुत्रा चावला!” माय वं! मला दुसरं काही सुचलंच नाही. आमच्या आजीच्या गावी कुत्रा चावला की जखमेत तिखट भरायचे, तेवढंच डोक्यात आलं. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून प्रोग्रॅम लिहिणारी मी, तिखटाचा डबा छातीशी धरून तीन जिने धावत उतरले.

खाली पार्किंगमधल्या नळाखाली काकांनी ऋचाचा उजवा हात धरला होता. कुत्रा केव्हाच पळून गेला होता. पोरगी हंबरडा फोडत होती. माझ्या हातातला डबा बघून काका म्हणाले, “ते भाजीत घाला. साबण आणा.” काकू आधीच साबणाची वडी घेऊन आल्या होत्या. फेस, पाणी, पुन्हा फेस, पुन्हा पाणी... ऋचा हात ओढून घ्यायला बघत होती आणि ते दोन्ही हातांनी घट्ट धरून चोळत होते. कोणीतरी रिक्षा आणून उभी केली. मी किंचाळले, “काका, सोडा तिला! आधी दवाखान्यात नेऊ द्या!”

“पंधरा मिनिटं धुवायचं. सहा झालीत.”

“मुलगी माझी आहे!”

“तुमचीच आहे. अजून नऊ.”

तेवढ्यात नळाची धार बारीक झाली आणि बंद पडली. टाकी संपली होती. मला वाटलं, आता तरी सोडतील. पण काकांनी मान वर करून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा आवाज दिला, “ज्याच्या घरी भरलेलं पाणी असेल त्याने खाली आणा!” दोन दिवस पुरवायचं पाणी होतं ते लोकांचं, तरी कळशा आल्या, पिंप रिकामं करून बादल्या आल्या, एकीने तर फ्रीजमधल्या बाटल्या आणल्या. काकू तांब्याने ओतत होत्या, काका धूत होते, आणि मी मधेच त्यांच्या पाठीवर गुद्देसुद्धा मारले. हो, मारले. आज लिहिताना लाज वाटते, पण मारले. पंधरा मिनिटं पुरी झाल्यावरच त्यांनी हात सोडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम बघून विचारलं, “कोणी धुतली? अर्धं काम झालंय.” टाके घातले नाहीत, पट्टीही नाही. जखमेत आणि तिच्या बाजूने एक औषध टोचलं, आणि दंडात घ्यायची पाच इंजेक्शनं महिन्याभरात पुरी करायला सांगितली. कुत्रा सापडत नव्हता, म्हणजे दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायचीही सोय नव्हती. दंडातली ती लस तेव्हा सगळीकडे मिळायची नाही. चौथ्या दुकानात काकांना पाचांचा एकच संच मिळाला. बर्फात घालून आणलेली ती पिशवी त्यांनी माझ्या हातात ठेवली, “तारखा चुकवू नका,” एवढं म्हणाले आणि निघून गेले.

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. रेबीज झाला की पाणी गिळवत नाही असं ऐकलं होतं, म्हणून ऋचाला पाणी द्यायचे आणि तिच्या गळ्याकडे बघत बसायचे. घोट उतरला की मी श्वास सोडायचे. एकदा तिला नुसता ठसका लागला तर मी पेला टाकून रडायलाच बसले. आणि अशा वेळी काका मात्र एकदाही वर आले नाहीत. मी दोनदा पेढे घेऊन गेले. दोन्ही वेळा काकूंनी दार बोटभर उघडलं. “झोपलेत. द्या इकडे.” पेढे आत, दार बंद! पुढे ऋचा खडखडीत बरी झाली, आम्ही बाणेरला राहायला गेलो आणि माझा तो हुकमी किस्सा झाला. जीव वाचवतील, पण दार उघडणार नाहीत, असे हे पुण्याचे लोक! ऑफिसात, हळदीकुंकवाला, पाहुण्यांसमोर, कुठेही सांगितला की हशा ठरलेला.

काका गेल्यावर काकूंना भेटायला गेले तेव्हा बोलता बोलता म्हटलं, “काकूऽ, काकांनी आमच्यासाठी एवढं केलं, पण नंतर एकदाही आले नाहीत हो बघायला.”

“येणार कसे? चौदा दिवस रोज पोटात सुई. पोट हे एवढं सुजलेलं, त्यात ताप. दवाखान्यातून आले की उठून बसवत नव्हतं.”

“कोणाला?”

“ह्यांना. पोरीचा हात सोडवताना ह्यांच्या मनगटात कुत्र्याचे दात गेले नव्हते का?”

त्या दिवशी फरशीवरून वाहून गेलेलं लाल पाणी सगळं ऋचाचंच, असं मी धरून चालले होते. “तिच्याबरोबर माझाही हात धुऊन निघाला,” असं काका घरी येऊन म्हणाले होते म्हणे. दुकानात लस एकीपुरतीच होती. मला सांगितलं तर मी घोळ घालीन आणि वेळ जाईल, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ते एकटेच पोटातली इंजेक्शनं घ्यायला सरकारी दवाखान्यात जात होते. “पण नंतर तरी सांगायचं ना, काकू!” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही तरी कुठे विचारलंत?”

बाहेर येऊन रिक्षात बसल्या बसल्या मी बंगलोरला ऋचाला फोन लावला. सगळं सांगितलं. सांगताना रडू आवरेना. ती शांतपणे म्हणाली, “आई, मला माहितीये. मी बघितलं होतं ना.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“काका म्हणाले होते, आईला आत्ता सांगू नकोस, ती आधीच घाबरलीय.”

“अगं, आत्ता म्हणजे तेव्हा! नंतर तरी...”

ती म्हणाली, “नंतर तू तो किस्सा सांगायला लागलीस. सगळे इतके हसायचे, तू पण. मग कसं सांगणार? तू सुरू केलंस की मी उठून आत जायचे. दर वेळी. तुझ्या लक्षात नाही आलं?”

नव्हतं आलं. मला वाटायचं, पोरगी पाहुण्यांना लाजते.