फटीतली कीड
परवा मुलीनं दुखऱ्या दाढेला लवंगेचं तेल लावलं आणि त्याच वासानं भरलेला तिसगावचा दवाखाना मला आठवला. माझं नवीन लग्न झालेलं, ऊसतोडीला निघायची तयारी चाललेली, आणि माझा पुढचा दात ठणकत होता. सासूबाई म्हणाल्या, "काढूनच टाकू. तिकडं फडात दुखला तर कोन बघनार?" त्यांचं चुकत नव्हतं, पण पुढचा दात गेल्यावर चारचौघांत हसायचं कसं, या विचारानं मी दवाखान्याकडे जाताना जीपमध्ये पदराआड रडत होते. डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात छोटा आरसा धरला, बराच वेळ पाहिलं आणि सासूबाईंना जवळ बोलावलं. "कीड कुठं लागलीय ते आधी बघावं लागतं. कुणाला दाढेच्या खाचेत लागते, कुणाला हिरडीजवळ. हिची दोन दातांच्या फटीत आहे, दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नाही. भरला की दात टिकेल." सासूबाई वाकून आरशात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तर मंग भरा. पोरीचं हसू राहू द्या." दात भरून मी उठले, तर त्या स्वतःच खुर्चीत बसल्या आणि मिसरीनं काळे पडलेले दात दाखवत हळूच म्हणाल्या, "माझी कुठं हाय, बघा बरं." त्यांची हिरडीजवळ होती, मिसरी घासून घासून लागलेली. त्या हंगामात मिसरीचा डबा गावीच राहिला, आणि आम्ही दोघी सकाळी फडावरच्या पाचटाच्या झोपडीपुढं, आमच्या कोपीपुढं बसून ब्रशनं दात घासायचो. आता त्या थकल्यात, पण भाकरी स्वतःच्याच दातांनी खातात. सणावाराला त्यांच्या पाया पडते, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनाही मी मनातून एक नमस्कार करते.