नागासाकी आणि आजीचा ओला परकर

यंदाच्या सुट्टीत आम्ही खरं तर कार्ताहेनाला जाणार होतो. कॅरिबियन समुद्राकाठचं ते तटबंदीचं जुनं शहर, पिवळी-निळी घरं, सज्जांवरून ओघळणारी बोगनवेल. टोकियोतल्या आमच्या फुनाबोरीच्या टीचभर घरात बसून माझ्या नवऱ्याने, निखिलने, तिथल्या गल्ल्यासुद्धा पाठ केल्या होत्या. तेवढ्यात पुण्याहून माझ्या आईचा फोन आला, "येते मी." २०११च्या भूकंपानंतर जी बाई जपानचं नाव काढू देत नव्हती, ती बाबांच्या माघारी एकटीच विमानात बसायला तयार झाली होती. तिच्या गुडघ्यांना दोनदा विमान बदलून अर्धी पृथ्वी ओलांडायला लावणं शक्यच नव्हतं. मग जुनं बंदर, परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी आणि समुद्र, सगळं एकत्र मिळेल असं ठिकाण जपानातच शोधलं. नागासाकी!

पण माझ्या जिवाला घोर होता तो वेगळाच. आमची दुसरीतली लेक इरा आजीशी बोलतच नव्हती. मराठी तिला सगळं कळतं, पण तोंड उघडलं की जपानी बाहेर पडतं. मग ती लाजते आणि गप्प होते. आईने काही विचारलं की इरा माझ्याकडे बघायची आणि मी भाषांतर करायचे. "माझीच नात, आणि मध्ये दुभाषी!" आई हसत म्हणाली, पण मला ते लागलं. आई थोड्याच दिवसांत परत जाणार होती. त्याआधी या दोघींचं सूत जुळलं नाही, तर पुढे ती फक्त फोनच्या पडद्यावरची आजी होऊन राहील, ही भीती मला झोपू देत नव्हती.

टोकियोच्या हानेदा विमानतळावरून नागासाकीला विमानाने दोन तासांच्या आसपास लागतात. तिथला विमानतळ खाडीतल्या बेटावर आहे, तिथून बसने शहर गाठायचं. शहरात ट्राम आहे, कुठूनही कुठेही एकच भाडं, तेही उतरताना पुढच्या दाराशी द्यायचं. दिवसाचा पास घ्यायचा असेल तर आधीच घेऊन ठेवा, ट्राममध्ये मिळत नाही. शहर सगळं चढउतारांचं. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर ग्लोव्हर उद्यानाकडे जाणारी तिरपी लिफ्ट विसरू नका, वरून अख्खं बंदर दिसतं. शाकाहारी लोकांनी मात्र स्वतःची सोय बघावी. इथल्या प्रसिद्ध चांपोन नूडल्सच्या रश्शात डुक्कर आणि इथल्या प्रसिद्ध केकात अंडी! आईने बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. "निखिलराव, तुम्ही घ्या हो," ती म्हणाली, आणि चांपोनवर ताव मारून आलेल्या जावयाने निमूटपणे दोन दशम्या खाल्ल्या. इराला विचारलं तर तिने नकाराची मान हलवली.

आम्ही इनासा डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या, घरगुती हॉटेलात उतरलो होतो. तिथे गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह होतं, म्हणजे सगळ्या बायकांनी एकत्र, अंगावर चिंधीही न ठेवता अंघोळ करायची. आई म्हणाली, "शिव शिव! तुम्ही जा. मी बादलीने करीन." बादली नव्हतीच. पण अशा ठिकाणी बहुतेक वेळा कुटुंबासाठी वेगळी अंघोळीची खोली राखून ठेवता येते. मी ती घेतली. फक्त आम्ही तिघी म्हटल्यावर आई कशीबशी तयार झाली.

कुंडात उतरण्याआधी बाहेर बुटक्या स्टुलावर बसून अंग घासायचं असतं. आई परकर छातीशी आवळून भिंतीला चिकटून उभी होती. इरा पुढे झाली, स्टूल धुतलं आणि म्हणाली, "आजी, इथे बस." चक्क मराठीत, माझ्याकडे न बघता. इथली मुलं आईवडिलांची पाठ घासून देतात, इरा माझी नेहमी देते. तिने फेस केला आणि आजीच्या पाठीला लावला.

"जरा जोरात गं. हां, खाली, तिथेच."

"अजून?"

"अजून."

मला रडू आलं. अंघोळीच्या वेळी एक बरं असतं, कुणाला कळत नाही.

कुंडात बसून मी डोळे मिटले. थोड्या वेळाने छप-छप असा आवाज आला. बघते तर आई आधीच बाहेर पडून शेजारी सोडलेला आपला परकर घासत बसलेली! अंघोळ झाली की अंगावरचं धुऊन पिळूनच न्हाणीतून बाहेर पडायचं, हा जन्माचा शिरस्ता.

"आजी, दामे!" 'चालत नाही' असं इरा जपानीत किंचाळली आणि तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. कपडे धुण्याच्या चित्रावर ठसठशीत लाल फुली होती. आमची लेक म्हणजे नियमांची पुतळी, दुधाचा रिकामा खोकासुद्धा धुऊन वाळवून मगच कचऱ्यात टाकणारी.

आईचा चेहरा उतरला. "अगंबाई, चुकलं का गं माझं?"

इराने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग तिने तो ओला परकर आपल्या पंच्यात गुंडाळला, अंगात युकाता, म्हणजे हॉटेलचा सुती झगा, चढवून त्याच्या आत पोटाशी कोंबला आणि ओठांवर बोट ठेवलं. "आजी, शू. चल."

त्या पोटासकट ती स्वागतकक्षासमोरून निघाली. मागे पाण्याची धार. तिथल्या बाईंनी जमिनीकडे पाहिलं, इराकडे पाहिलं आणि एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. इरा कमरेत वाकली. आईने हात जोडले. कोपरा वळल्याबरोबर दोघी भिंतीला टेकून पोट धरधरून हसल्या.

"चोर कुठली!" आई म्हणाली.

"आजी पण चोर!"

दुसऱ्या दिवशी आम्ही देजिमाच्या डच वखारी पाहिल्या. मग शांती उद्यानात गेलो. त्यासाठी अर्धा दिवस ठेवा आणि त्यानंतर काही ठरवू नका. सगळीकडे इराचा हात आजीच्या हातात होता. मोडकंतोडकं मराठी, मध्येच जपानी, आजीचे नुसतेच हुंकार. मला कुणी काही विचारलं नाही. इतकी सुखाने बेकार मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

आईला पुण्याला जाऊन आता महिना झाला. सहलीचे फोटो अजून फोनमध्येच पडून आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर आई भाजी निवडत होती. इराने माझ्या हातातून फोन घेतला.

"आजी, आता तुझी पाठ कोण घासतं?"

आईने भाजी बाजूला सारली.

"हात पोचतो तेवढी मीच घासते गं."