जयवंताचा तुकडा

घोडपदेवच्या चाळीत मालनमावशीची खानावळ होती. एक खोली, दोन पंगती, चौदा कोकणी माणसं. प्रत्येकाची ताटली स्वतःची, काठावर नाव कोरलेली. कुणी ताटात मीठ मागून घेतलं की त्याच्या घरचं पत्र आलंय, आणि बरं नाही, हे मावशीला समजे. विचारत मात्र ती कधी नसे. भाताचा एक उंडा जास्त वाढी, एवढंच.

छप्पन सालच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, एक दिवस कर्फ्यू लागला आणि चूल पेटलीच नाही. दुसऱ्या दिवशी बारा वाजता रामजी धापा टाकत दारात आला. तो याच खानावळीत जेवायचा.

"मावशी, लालबागात गोळी चालली. जयवंत गेलो."

जयवंत म्हणजे रघुचा धाकटा भाऊ. दोघांच्या ताटल्या फळीवर शेजारी असत. रघु रे रोडच्या लाकडाच्या वखारीत होता. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं.

"प्रेत कधी देतले?"

"कोण सांगतलो? उद्या, परवा."

मावशी चुलीपाशी बसली. अकरा वर्षांपूर्वी गिरणीत तिचा नवरा गेला, तेव्हा निरोप धावत आला होता. अग्नी देईपर्यंत घरात अन्नाला शिवायचं नाही. तिला दोन दिवस भिंतीशी बसवून ठेवलं. अंगावर पिणारी मुलगी होती. दूध आटलं ते आटलंच. मुलगी महिनाभरच जगली. दुःखाला पोट नसतं असं लोक धरून चालतात, हे मावशीने तेव्हा पाहिलं होतं.

रघु आला तो हातही नीट न धुता पाटावर बसला.

"वाढ गे मावशी. कालपासून चण्यांवर आसंय."

रामजीने तोंड उघडलं. मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खाली मान घालून बसला.

तिने भात वाढला. बांगड्याचं तिखलं वाढलं. रघु भराभरा जेवत होता.

"जयवंताचो तुकडो पण माकाच घाल. मोर्च्यात भाषणा ऐकान पोट भरला आसतला तेचा."

पंगतीत कुणीतरी हसलं. मावशीचा हात टोपात थांबला. मग तिने तो तुकडा त्याच्या ताटात घातला. रघुने काटेसुद्धा चोखले.

तो चूळ भरून आला तेव्हा तिने सांगितलं.

रघु रडला नाही. त्याने रामजीकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"तुका कधी कळला?"

"बाराक."

त्याने उजवा हात नाकाशी नेला. तसाच हात पुढे धरून, परक्याचा असावा तसा, तो जिना उतरून गेला.

प्रेत तिसऱ्या दिवशी मिळालं. अग्नी रघुनेच दिला. तेरावं झाल्यावर तो ताटली न्यायला आला. दारातच उभा राहिला. सुतकातल्या माणसासारखी मावशीच भिंतीला टेकून होती.

तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं. नवरा, ते दोन दिवस, मुलगी. पण समोर रघुचा तो हात होता. साबणाने घासून घासून बोटांची सालं निघालेली. तिने काही सांगितलं नाही. ते दोन दिवस तिचे होते. त्याने ते मागितले नव्हते.

"चुकलंय मी," ती म्हणाली.

"उपाशी ऱ्हवाचा काय नाय, ता मी ठरवणार होतंय मावशी. तू नाय." त्याने आपली ताटली काखेत घेतली. जयवंताची फळीवरच ठेवली. "ही ऱ्हवांदे तुझ्याकडे."

त्यानंतर खानावळीत न आलेल्या माणसाचा तुकडा मावशी दुसऱ्याला वाढत नसे. झाकून ठेवी, आणि तिसऱ्या प्रहरी मांजराला घाली. नवे लोक कुरकुरत. जुने आपलं जेवत राहत.

साठ सालच्या एक मेला लालबागात तोरणं लागली. रामजी पेढा घेऊन आला.

"मावशी, रघु खाली नाक्यावर उभो आसा. हाक मारू?"

मावशीने फळीवरची जयवंताची ताटली उतरवली. पदराने पुसली. भात नुकताच शिजला होता. वाढायला तिचा हात पुढे गेला आणि थांबला.

"नको," ती म्हणाली. "दार तेवढा उघडा ऱ्हवांदे."

तिने रिकामी ताटली पाटापुढे ठेवली आणि बाजूला बसली. खाली घोषणा चालल्या होत्या. जिन्यावर पावलं वाजली. दारापाशी न थांबता वरच्या मजल्यावर गेली.