तिनं स्वतःची तिहाई वाजवली ती संध्याकाळ

आमचे गुरुजी फार छान शिकवायचे आणि फार मारायचे. भिलाईत आमच्या सेक्टरमध्ये दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या, आणि दोन्हींचं कौतुकच होतं. मला गाण्याला घातलं त्या दिवशी आईच त्यांना म्हणाली होती, "मारा गुरुजी, पण शिकवा."

मला पाठीत धपाटा बसायचा, फार तर कान पिळला जायचा. खरा मार खायची ती त्यांची मुलगी. माझ्याहून वर्षानं मोठी, बिनआईची, तबला शिकायची. बोल चुकला की गुरुजी तबला जुळवायची हातोडी उचलत आणि तिच्या बोटांवर मारत. शाळेत बाईंनी सुजलेल्या बोटांबद्दल विचारलं की ती म्हणायची, "दरवाज्यात सापडली." ती रडलेली मी कधी पाहिली नाही. मार थांबला की ती बोटं फ्रॉकला पुसून पुन्हा ठेका धरायची.

गणपतीत स्टील प्लांटमधल्या मराठी मंडळींनी शाळेच्या हॉलमध्ये आम्हा मुलांचा कार्यक्रम ठेवला. संध्याकाळची वेळ होती. बाबा जनरल शिफ्टवरून थेट आले होते, आईसोबत पहिल्या रांगेत बसले होते. मी यमन गात होते. डावीकडे गुरुजी पेटीवर, उजवीकडे ती तबल्यावर.

द्रुत बंदिश रंगली आणि मी तिला वाजवायला जागा दिली. तिनं एक तिहाई घेतली. तोच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्यांदा बरोबर समेवर. पण ती तिहाई आमच्या क्लासमधली नव्हती. ती तिनं स्वतः बांधली होती, कुठे, केव्हा, कोण जाणे. हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं.

पेटी थांबली. गुरुजी माझ्या मागून पुढे झाले, हातोडी उचलली आणि तिच्या उजव्या मनगटावर हाणली. माइक चालू होता. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मी शिकवलं होतं का हे? शिकवलं होतं का?" त्यांनी पुन्हा हात उगारला.

आई स्टेजवर कधी चढली ते मला कळलंच नाही. तिनं त्यांचा हात धरला. "कावून मारून राहिले तुमी तिले? लेकरू किती चांगलं वाजवून राहिलं होतं!"

"माझी पोरगी हाय. मारीन नाही तर तोडीन. तुमाले काय करायचं हाय?"

त्यांनी आईला ढकललं. आई माइकच्या लोखंडी दांड्यावर आदळली आणि तिच्या कपाळातून रक्ताची धार लागली. मग बाबा उठले. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माझा बाप, त्यानं गुरुजींना गळ्याला धरून पेटीवर आपटलं. मागोमाग आणखी पाच-सहा माणसं चढली. लाथा, बुक्के, चपला. कुणीतरी हिंदीत ओरडत होतं, "मारो, और मारो!" काल हीच माणसं त्यांच्या पाया पडत होती. गुरुजींचे दात स्टेजवर पडलेले मी पाहिले.

त्या गर्दीत ती घुसली. मोडलेला हात छातीशी धरून बापाच्या अंगावर पालथी पडली. दोन लाथा तिलाच बसल्या. "सोडा त्याईले! मरतीन ना ते!" ती किंचाळत होती. तेव्हा कुठे माणसं थांबली, आणि एकमेकांकडे न बघता खाली उतरली.

आईच्या कपाळाला टाके पडले. गुरुजींच्या मुलीच्या हाताला प्लास्टर. पोलिसांत कुणीच गेलं नाही. बाबा कित्येक दिवस जेवताना स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. तिची मामी येऊन तिला दुर्गला, पद्मनाभपूरला घेऊन गेली. गुरुजींनी क्लास बंद केला आणि पुढे क्वार्टर सोडलं. माझं गाणं मी सोडलं नाही, पण आईनं पुन्हा कुठल्याच गुरूला "मारा" म्हटलं नाही.

माझ्या लग्नानंतर एकदा मी तिला भेटायला पद्मनाभपूरला गेले. उजवं मनगट थोडं वाकडंच जुळलं होतं, तरी ती वाजवत होती. समोर तीन-चार लहान मुली तबले घेऊन बसल्या होत्या. त्या गेल्यावर तिनं चहा टाकला. मी न राहवून विचारलं, "तू मारतेस का गं यांना?"

तिनं गॅस बारीक केला.

"हात उठते वं कधी कधी," ती म्हणाली. "मंग मी बाहेर जाऊन उभी रायते. पोरी समजतात, बाई पाणी प्याले गेली."

तिनं कपात चहा गाळला. डाव्या हातानं.