दार्सैतमधला पडण्याचा क्लास

मस्कतमध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात. खिडकीत धूळ आणि आमच्या क्लासचे किस्से. धूळ निदान शुक्रवारी पुसता तरी येते. किस्से मात्र मी एकाला सांगतो आणि महिन्याभराने तेच माझ्याकडे परत येतात, त्यात मी आधीपेक्षा जास्त मूर्ख असतो. म्हणून म्हटलं, अजून बिघडायच्या आत लिहून टाकावं.

क्लास वैदेहीताईचा, दार्सैतला तिच्या घरी. ताई पुण्यात मॉडर्न डान्स शिकली, लग्न करून मस्कतला आली आणि तेव्हापासून आमच्या मंडळाच्या गणपतीत पोरांचे डान्स बसवतेय. दरवर्षी एक कोळीगीत. पोरं बदलतात, टोपल्या त्याच. ताईचा स्वतःचा डान्स कधीच स्टेजवर गेला नाही. आणि आता तिच्या नवऱ्याचा प्रोजेक्ट संपत आला होता, दिवाळीआधी ते कायमचे परत जाणार होते. म्हणजे हा शेवटचा गणपती. ताईने ठरवलं, यंदा माझा डान्स होणार.

त्यासाठी मोठी माणसं लागत होती. मी ड्राफ्ट्समन, मला बघायचं होतं काय होतं ते. नझीम राजापूरचा, रुवीत पडद्यांचं दुकान. त्याला ताईने कापडासाठी विचारलं आणि तो स्वतःच आला. आणि माझ्या ऑफिसातले दोघं, ज्यांना मी सांगितलं होतं की दार्सैतला फुकट जिम आहे.

ताई आम्हाला शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या बायकांच्या गोष्टी सांगायची, ज्यांनी हा नाच सुरू केला. नावं आमच्या लक्षात राहिनात. म्हणून आम्ही कामावरून नावं ठेवली. बूटवाली, पोटवाली, पडणारी आणि पोस्टरवाली. ताई आधी चिडली. पुढच्या शुक्रवारी स्वतःच म्हणाली, "आज पोटवाली करू."

*

बूटवालीने बॅलेचे बूट फेकून दिले आणि समुद्राच्या लाटा बघून नाचायला शिकली. ताई म्हणाली, आपणही समुद्रावर जाऊ.

गेलो. जून महिना, दुपार. ताईने सांगितलं, बूट काढा आणि वाळूवरून लाटेसारखे या.

त्या दिवशी आम्ही ज्या उड्या मारल्या त्या अमेरिकेत कोणी मारल्या नसतील. नझीम तर लाटेच्या आधी पाण्यात पोचला. ताईचेही पाय भाजत होते, पण बाई हात पसरून हळूहळूच चालली. मी म्हटलं, ताई, बूट घाल की. ती म्हणाली, "बूटवालीलाही सगळे हेच म्हणत होते."

बाजूला एक ओमानी आजोबा नातवंडांना घेऊन सावलीत बसले होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग उठले, आपली काठी नझीमच्या हातात दिली आणि हिंदीत सांगितलं की आमच्याकडे असं नाचताना हातात काठी असते, म्हणजे लोकांना कळतं की हा नाच आहे.

*

पोटवालीचं म्हणणं, सगळं पोटातून सुरू होतं. श्वास सोडताना पोट आत, पाठ गोल. श्वास घेताना सुटायचं. रडणं, हसणं, राग, सगळं तिथून.

मी हे ऑफिसात करून पाहिलं. मॅनेजर ड्रॉइंगवरून झापत होता. मी श्वास सोडला आणि पोट आत घेतलं. पाठ गोल झाली, मान शेवटी गेली, अगदी ताईने शिकवल्यासारखी. मॅनेजर बोलायचा थांबला. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

पुढच्या वेळी त्याने आम्हा तिघांना एकत्र बोलावलं. त्याने तोंड उघडलं आणि आम्ही तिघंही एका श्वासात गोल झालो. टायमिंग इतकं छान क्लासमध्येही कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसची कॅन्टीन बंद केली.

*

पडणारीचं तत्त्व मला सगळ्यात आवडायचं. ती म्हणायची, सरळ उभा माणूस मेलेला आणि आडवा पडलेला माणूसही मेलेला. जिवंतपणा मधल्या जागेत. तोल जाऊ द्यायचा, पडायचं आणि त्याच जोरावर उठायचं.

तर आम्ही ताईच्या हॉलमध्ये पडत होतो. शुक्रवारी, नझीम नमाजहून आला की सुरू. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली असणार, कारण एक दिवस बिल्डिंगचा मालक, इथल्या भाषेत अर्बाब, आला. ओमानी, वयस्कर, शांत माणूस. दार उघडंच होतं. तो आत आला तेव्हा आम्ही सगळे जमिनीवर होतो आणि ताई मधे उभी.

त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ताईला विचारलं, "सब खलास?"

ताई म्हणाली, नाही अर्बाब, आता उठतील. आणि आम्ही उठलो. हळू, पोटापासून, डोकं शेवटी.

तो निघून गेला. आम्हाला वाटलं, आता घर खाली करायला लागणार. संध्याकाळी दोन माणसं एक भलामोठा जाड गालिचा घेऊन आली. मालकाचा निरोप होता. पडा, पण यावर पडा.

*

आता आठल्ये काका. मंडळाचे सांस्कृतिक प्रमुख. कार्यक्रमात काय जाणार आणि काय नाही ते काका ठरवतात. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना स्टेजवर शांतता सहन होत नाही. कोणी दोन सेकंद गप्प राहिलं की ते विंगेतून माइक टेस्ट करतात.

ताईने सांगितलं, मॉडर्न डान्स करायचाय. काका म्हणाले, "अगं, गणपतीत आपली संस्कृती पाहिजे."

तेव्हा मी मधे पडलो. मी काकांना पोस्टरवालीची गोष्ट सांगितली. ही अमेरिकन बाई सिगारेटच्या जाहिरातीत एका देवीचं चित्र बघते आणि ठरवते की आपण पूर्वेकडच्या देवींचे नाच करायचे. मग साडीबिडी नेसून अनवाणी भारतीय नाच करते, अमेरिकेत तुफान चालतो. भारत तिने तोवर पाहिलेलाही नसतो.

काकांनी विचारलं, "मग शिकली कुठे?"

म्हटलं, पोस्टरवर.

काका विचारात पडले. मग म्हणाले, म्हणजे मूळ आपलंच. आणि आमचा आयटम मंजूर झाला. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं गेलं, 'प्राचीन भारतीय नृत्याचा अमेरिकेतील विजय.' ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं, आपल्याला खोट्या नावाने जायचं नाहीये.

*

गणपतीच्या आठ दिवस आधी कमिटी सगळे आयटम बघते. आमच्या आयटममध्ये सुरुवातीला ताई एकटी. पोटवालीने कधीतरी एका लांब, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत बसून दुःखाचा नाच केला होता, तसं काहीतरी ताईने स्वतःचं बसवलेलं. कापड नझीमचं. नाचताना फक्त तोंड, हात आणि पाय दिसतात, बाकी कापड ताणलं जातं. गाणं नाही.

एक मिनिटाने पहिल्या रांगेतल्या पोराने आईला विचारलं, "आंटी अडकलीय का?" आईने त्याला गप्प केलं. अजून एका मिनिटाने ती आईच रडायला लागली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, चालू दे.

शेवटी आम्ही सगळे येऊन पडलो तेव्हा काका उठले. आयटम रद्द.

कारण विचारलं तर म्हणाले, लोक मोदक खायला येतात, रडायला नाही. शिवाय यात गाणं नाही, शेवटी सगळे पडतात, हे अशुभ दिसतं. ताई म्हणाली, काका, पुढच्या वर्षी मी इथे नसणार. काकांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, असं करू, शेवटी आभाराच्या वेळी सगळे कलाकार स्टेजवर मागे उभे राहतात ना, तेव्हा तुम्हीही उभे राहा. फोटोत याल.

ताई कापडातून बाहेर आली. घडी घातली. म्हणाली, "चालेल. उभे राहू."

मी ताईला इतकी वर्षं ओळखतो. ती 'उभे राहू' म्हणाली की मला भीती वाटते.

*

गणपतीचा कार्यक्रम. सगळे आयटम झाले, कोळीगीतही झालं. आभारप्रदर्शन सुरू झालं. हे आमच्याकडे काका करतात, लांब करतात, आणि तोवर निम्मा हॉल ताटं घ्यायला गेलेला असतो. काका पुढे माइकवर. मागे पोरं, टोपल्या, आणि आम्ही.

काकांनी पहिलं नाव घेतलं, हॉलवाल्यांचं. मी तोल सोडला आणि पडलो. आवाज न करता. पडलो तसा उठलो.

दुसरं नाव, साउंडवाले. नझीम पडला, उठला. तिसऱ्या नावाला ऑफिसातले दोघं. ताटाकडे निघालेली माणसं थांबली. टाळ्या आल्या. काकांना वाटलं, आपल्याला आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आभारांना कोणी उठून जात नव्हतं, उलट गेलेले परत येऊन बसत होते.

काका फुलले. त्यांनी भटजींचे आभार मानले, पाण्याच्या बाटल्यावाल्याचे मानले, पार्किंगमध्ये उभं राहणाऱ्यांचे मानले. प्रत्येक नावाला आम्ही पडत होतो आणि उठत होतो. त्यांनी विचारलं, "कोणी राहिलं का?" आणि लोक खालून नावं सांगायला लागले.

मग नेहमीचं वाक्य आलं. दरवर्षी ते तेच म्हणतात. "आणि आपल्या पोरांचे डान्स बसवणाऱ्या ताई."

आम्ही सगळे एकदम पडलो. ताईसुद्धा. आणि उठलो नाही.

पोरांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. पण मला मागून टोपल्यांचा आवाज ऐकू आला. एकेक करत सगळ्या कोळणी आणि कोळी आडवे झाले.

टाळ्या नाहीत. हॉल गप्प. काकांनी मागे वळून पाहिलं. पूर्ण स्टेजवर उभा असलेला एकच माणूस, ते स्वतः.

ते हळूच म्हणाले, "उठा रे, जेवण थांबलंय."

कोणी हललं नाही. ताई जमिनीवरूनच म्हणाली, "काका, नाव घ्या."

काका बराच वेळ गप्प होते. माइक टेस्ट केला नाही. मग माइक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "वैदेही पाटणकर."

ताई उठली. आधी पोट, मग पाठ, डोकं शेवटी. एवढं हळू उठलेलं माणूस मी पाहिलं नाही. संपूर्ण हॉल बघत होता आणि कोणी खोकलंही नाही.

आम्ही बाकीचे तसेच पडून होतो. काका आमच्यातून पाय जपून टाकत आले, माझ्याशेजारी गुडघे टेकून बसले, माइक माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाले, "तुझं नाव काय?"